कुणाच्या तरी नावावर

रोडपालीत आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून एक मोकळा प्लॉट आहे. त्यावर सिडकोची पाटी आहे, जागा महामंडळाच्या मालकीची असल्याची. त्या पाटीच्या खांबाला अंग घासायला रोज संध्याकाळी पाच-सहा गाढवं येतात. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत असतं. बाकीचे आठ महिने आमच्या कचऱ्यातली कलिंगडाची सालं, शिळ्या पोळ्या आणि कुरिअरचे पुठ्ठे. गाढव पुठ्ठा खातं हे मला इंजिनियरिंग करून, नोकरीला लागून, सत्ताविसाव्या वर्षी कळलं.

ही गाढवं मोकाट दिसत असली तरी बेवारस नसतात. दिवसा ती रेती आणि विटा वाहतात. गावठाणातल्या ज्या गल्लीत टेम्पो वळत नाही, तिथे अजून त्यांच्याशिवाय घर उभं राहत नाही. काम संपलं की मालक पाठीवरची गोणी काढून घेतो आणि त्यांना सोडून देतो. चारा शोधणं ही त्यांची जबाबदारी. म्हणजे मालकी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. उरलेला वेळ त्यांना शहर पोसतं, शहराच्या नकळत.

गेल्या वर्षी एप्रिलात त्यातली एक गाढवीण मागे राहायला लागली. बाकीची सकाळी हाकून नेली जायची, ही तिथेच. पुढच्या डाव्या पायाचं खूर वाढून वर वळलं होतं, जुन्या सपातेच्या टोकासारखं. ती तीन पायांवर उभी राहायची आणि चौथा नुसता टेकवायची. आठवड्याभराने ती आमच्या गेटच्या सावलीला येऊन उभी राहिली, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो पडला. खाली प्रश्न होता, ‘हे कुणाचं आहे?’

या प्रश्नाचे मराठीत दोन अर्थ होतात. एक, याच्या मालकाला बोलवा, त्याला झापायचं आहे. दुसरा, याचं कोण बघणार? ग्रुपवर पहिल्या अर्थाने पंचेचाळीस मेसेज आले. दुसऱ्या अर्थाने एकही नाही. मीही काही लिहिलं नाही. मी पाण्याची बादली खाली नेऊन ठेवली आणि वर येऊन लॅपटॉपवर गाढव दत्तक घेण्याबद्दल शोधायला लागलो. माझ्या पिढीची दयाबुद्धी अशीच सुरू होते, सर्च करून.

शोधता शोधता मी रात्री दोन वाजता अमेरिकेच्या नेवाडा राज्यात पोचलो. तिथे सरकारी जमिनीवर मोकळे फिरणारे घोडे आणि गाढवं आहेत आणि सरकार ती लोकांना दत्तक देतं. मूळचे रानटी असे ते प्राणी नव्हेतच. स्पॅनिश लोकांनी आणलेले, पुढे रँचवाल्यांनी सोडलेले घोडे आणि खाणकामगारांनी खाण आटल्यावर मागे टाकलेली गाढवं, यांची ती संतती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांना विमानांनी पळवून, ट्रकात कोंबून कत्तलखान्यात पाठवलं जाई. १९५० मध्ये वेल्मा जॉन्स्टन नावाच्या बाईला पुढे चाललेल्या ट्रकमधून रक्त गळताना दिसलं आणि तिने पुढची वीस वर्षं या एका गोष्टीवर घालवली. लोकांनी तिला चिडवायला ‘वाइल्ड हॉर्स अ‍ॅनी’ हे नाव दिलं, ते तिने पदवीसारखं मिरवलं. शाळकरी मुलांनी पत्रांचा पाऊस पाडला. १९७१ च्या डिसेंबरात निक्सन यांच्या सहीने कायदा झाला आणि ही जनावरं राष्ट्राच्या इतिहासाचं जिवंत प्रतीक ठरली.

पण प्रतीकांना पिल्लं होतात. सरकारी हिशेबाने त्या जमिनींना साधारण साडेपंचवीस हजार जनावरं झेपतात. २०२४ मध्ये ती सत्तर हजारांच्या वर होती. शिवाय पकडून आवारांत आणि कुरणांत ठेवलेली साठ हजारांहून जास्त, ज्यांच्या वैरणीचा खर्च करदात्यांच्या माथी. म्हणून दत्तक योजना. किमान शुल्क १२५ डॉलर, मानेच्या डाव्या बाजूला गोठवून उठवलेली खूण, आणि अटी. प्रत्येक जनावरामागे किमान ४०० चौरस फुटांचं आवार हवं, गाढवासाठी कुंपण साडेचार फूट उंच हवं. मी उठून माझ्या वन-बीएचकेचा करारनामा काढला. कार्पेट ३८०. अमेरिकेच्या सरकारने मला गाढव दिलं नसतं.

त्यातली एक अट मात्र मला फार आवडली. जनावर घरी नेलं तरी वर्षभर ते सरकारचंच राहतं. वर्षभर नीट सांभाळल्याचा दाखला दिला की मग ते तुमच्या नावावर होतं. ‘माझं’ म्हणायच्या आधी वर्षभर सांभाळून दाखवा. आपल्याकडे नाव आधी लागतं, सांभाळणं मग जमलं तर.

अर्थात चांगली अट हीसुद्धा एक फट असते, हे प्रोग्रॅमरला सांगावं लागत नाही. दत्तक घेणारे कमी पडायला लागले तेव्हा २०१९ मध्ये सरकारने उलट दत्तक घेणाऱ्यालाच एका जनावरामागे १००० डॉलर द्यायला सुरुवात केली. एका माणसाला वर्षाला चार जनावरं. दोन वर्षांनी न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की काही लोक कुटुंबातल्या प्रत्येकाच्या नावावर चार-चार घेतात, वर्षभर ठेवतात, पैसे आणि मालकी हातात पडली की लिलावात नेतात. त्या लिलावांत कत्तलखान्यांना माल पुरवणारे दलाल उभे असतात. ज्या ट्रकामुळे कायदा झाला तो ट्रक कायद्याच्याच रस्त्याने परत आला. २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती रोख रकमेची योजना रद्द केली. हे सगळं वाचून मी त्या दलालांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

आपल्याकडे यातलं काय आहे? आपल्याकडे कोंडवाडा आहे. १८७१ चा कॅटल ट्रेसपास अ‍ॅक्ट. नावात गुरं असली तरी व्याख्येत हत्ती, उंट, घोडे, खेचरं, गाढवं, अगदी डुकरंही येतात. पकडलेलं जनावर सात दिवसांत कुणी नेलं नाही तर नोटीस, त्यानंतर आणखी सात दिवस, मग जाहीर लिलाव. साहेबाला प्रश्न एकच होता, नुकसानभरपाई कुणाकडून वसूल करायची. आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्यात जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. रोडपालीत पन्नास रुपयांत दोन वडापाव येतात, चहा येईलच असं नाही.

मालक शोधायला मला चार दिवस लागले. कळंबोलीच्या बाजूला, लोखंड बाजाराकडे जाताना पत्र्याची घरं आहेत, तिथे तो राहतो. मी त्यांना मामा म्हणतो. साठीचे असावेत. वडील दगड फोडायचे, हे रेती वाहतात, मुलगा टेम्पोवर आहे. माझ्या डोक्यात भाषण तयार होतं, त्यात कायद्याचं कलमही होतं. मामांनी खुर्ची दिली, स्वतः उकिडवे बसले आणि म्हणाले, “कामाला हुती तवर माझी, साहेब. आता तिची ती.”

या दोन शब्दांनी मला पुढचे कित्येक महिने छळलं आहे. तिची ती. हे टाकून देणं आहे की मुक्त करणं? मामांच्या आवाजात निगरगट्टपणा नव्हता. दावं सोडलं, आता तिच्यावर कुणाचा हक्क नाही, एवढंच ते सांगत होते. नेवाडातला खाणकामगारसुद्धा गाढव सोडताना याहून वेगळं काय म्हणाला असेल? त्याच्या गाढवाची नातवंडं-पतवंडं आज स्वातंत्र्याचं प्रतीक म्हणून कायद्याने संरक्षित आहेत आणि मामांची गाढवीण आमच्या गेटवरचा उपद्रव आहे. फरक काय, तर दीडशे वर्षं आणि जागा. टाकून दिलेल्याला किती पिढ्यांनी ‘स्वतंत्र’ म्हणायचं, याचं उत्तर मला कुठल्या कायद्यात सापडलं नाही.

डोनाल्डसन आणि किमलिका या दोन कॅनडियन विचारवंतांचं ‘झूओपोलिस’ (२०११) नावाचं पुस्तक आहे. ते प्राण्यांचे तीन गट करतात. रानातले प्राणी म्हणजे जणू सार्वभौम राष्ट्रं, त्यांच्या कारभारात ढवळाढवळ करू नका. आपण माणसाळवलेले प्राणी म्हणजे सहनागरिक, त्यांना समाजात पूर्ण वाटा द्या. आणि कबुतरं-उंदरांसारखे आपल्यात राहणारे पण आपले नसलेले, त्यांना निदान राहू द्या. मांडणी मला आवडली होती, टेबलात छान बसते. पण ती गाढवीण तीनही रकान्यांत एकेक पाय ठेवून उभी होती आणि चौथा उचलून धरलेला. पाच हजार वर्षांहून अधिक काळ माणसासोबत असलेली जात म्हणून ती सहनागरिक. सोडून दिल्यावर ‘तिची ती’ म्हणून सार्वभौम. आणि पुठ्ठे खाऊन जगणारी म्हणून आमच्या कबुतरांची शेजारीण. सार्वभौमत्वाची कल्पना तर पहिल्या पावसातच वाहून जाते. गाढव हे कोरड्या, दगडाळ मुलखाचं जनावर. तिथे खूर चालता चालता झिजतं. कोकणातल्या ओल्या मातीत ते झिजत नाही, पाणी धरतं, वाढतं आणि सडतं. नेवाडात तिचं स्वातंत्र्य निदान पायांना तरी झेपलं असतं.

आणि ‘दत्तक’? हा शब्द आपण फार सैल वापरतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या वर्षभरासाठी दत्तक घेता येतो, म्हणजे खर्च तुम्ही द्यायचा आणि बिबट्या तिथेच. जुन्या अर्थाने दत्तक म्हणजे वंश चालवायला, पिंड द्यायला आणलेला मुलगा. त्यात गरज घेणाऱ्याची, पोराची नव्हे. तिसरा अर्थ माझ्या धंद्यातला. युनिक्समध्ये एखाद्या प्रोसेसचा पालक आधी संपला की ती अनाथ होते आणि ‘इनिट’ नावाची मूळ प्रोसेस तिला दत्तक घेते. हे मी कॉलेजात व्हायवाला पाठ करून सांगितलं होतं. परीक्षकांनी विचारलं, दत्तक घेऊन इनिट तिच्यासाठी करते काय? काहीच नाही, सर. ती संपायची वाट बघते आणि संपली की तक्त्यातली नोंद पुसते. परीक्षक हसले होते. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

मी काय केलं ते आता सांगतो. जनावरांचे डॉक्टर आणले. दोन माणसांनी धरून खूर छाटलं, आतला पू काढला, पाच दिवस इंजेक्शनं दिली. मे संपता संपता ती चारी पायांवर उभी राहिली. पाऊस तोंडावर होता. आईला फोनवर सांगितलं, तिने एकच विचारलं, “बांधशील कुठे?” बांधायला माझ्याकडे ३८० फूट होते, तेही चौथ्या मजल्यावर. मग ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने कर्जतच्या पुढचा एक शेतकरी मिळाला. गोठा होता, कोरडा माळ होता. मी त्याला वर्षाच्या चाऱ्याचे म्हणून बारा हजार एकदम दिले. ‘नावावर करायचं का?’ असं त्याने हसत विचारलं आणि मीही हसत म्हटलं, तुमचीच समजा. मामांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, “न्या. माझं काय जातंय.”

जूनमध्ये फोटो आले. जुलैत एक आला, हिरव्या माळावर उभी असलेली, पोट भरलेलं. तो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, एकशे सात अंगठे आले. नंतर फोटो थांबले, आणि मी विचारलं नाही. रिलीज होता, गणपती होते. खरं कारण हे की तो विषय माझ्या डोक्यात ‘क्लोज्ड’ झाला होता.

दिवाळीनंतर मित्रांबरोबर भीमाशंकरला जाताना वाट वाकडी करून तिकडे गेलो. गाढवीण नव्हती. शेतकरी शांतपणे म्हणाला, दिली एकाला. कुणाला? आला होता एक गिऱ्हाईक, गाडी घेऊन, आणखी चार-पाच होती त्याच्याकडे. पाय चांगला होता म्हणून बरे पैसे दिले. मी पुढचे प्रश्न विचारले नाहीत. देशातल्या गाढवांची पशुगणनेतली संख्या २०१२ मध्ये ३ लाख २० हजार होती, २०१९ मध्ये १ लाख २० हजार. टेम्पो आणि यंत्रं आली हे एक कारण. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून औषधी सरस करतात आणि त्यासाठी जगभरातून कातडी गोळा होते, हे दुसरं. आफ्रिकी संघाने २०२४ मध्ये या व्यापारासाठीच्या कत्तलीवर बंदी आणायचं ठरवलं ते उगाच नाही. माझी गाढवीण कुठे गेली ते मला ठाऊक नाही. कदाचित कुठल्या वीटभट्टीवर विटा वाहत असेल. त्या रात्री मी तेवढीच प्रार्थना करत होतो, आणि करता करता लक्षात आलं की एप्रिलात तिला ज्यातून सोडवलं म्हणून मी खूश होतो, नेमकं तेच मी आता तिच्यासाठी मागतो आहे.

शेतकऱ्यावर रागावणं सोपं होतं आणि मी दोन दिवस रागावलो. पण त्याने माझा कुठला शब्द मोडला? मीच म्हणालो होतो, तुमचीच समजा. जे आपलं ते विकता येतं. ज्या फटीसाठी मी अमेरिकन सरकारला हसलो, ती मी चौथ्या मजल्यावर बसून, एका यूपीआय व्यवहारात, वर्षभराच्या अटीसकट काढून टाकली होती. त्याहून वाईट म्हणजे लंगडी होती तोवर तिला काही किंमत नव्हती आणि म्हणून तिला धोकाही नव्हता. गाडी घेऊन फिरणाऱ्याने रोडपालीच्या प्लॉटवरून तिला उचललं नसतं. खूर मी दुरुस्त केलं आणि तिला भाव आला.

मग खूर करायलाच नको होतं का? असं म्हणणारा माणूस मला आवडणार नाही, त्याचा तर्क बरोबर असला तरी. तीन पायांवरचं दुखणं खरं होतं आणि ते थांबलं, हेही खरं.

नाथांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. काशीची कावड रामेश्वराला निघालेली, वाटेत तहानेने तडफडणारं गाढव, आणि एकनाथांनी ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. गोष्ट तिथे संपते, कारण ती नाथांची गोष्ट आहे. गाढव उठून पुढे कुठे गेलं हे कुणी विचारत नाही. मलाही अठ्ठावीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मी नाथांवर टीका करत नाही, माझी तेवढी लायकी नाही. त्यांचा निदान काशीपासून पायी येण्याचा खर्च होता. मी एवढंच म्हणतो की करुणेच्या गोष्टी आपण फार लवकर संपवतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ च्या जूनमध्ये व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि बंद करायला वर्षाची मुदत दिली. निर्णय मला पटतो, डांबरावर नालांनी धावणारा घोडा मी पाहिलेला आहे. पण बातमी वाचून आपण पान उलटतो, आणि घोड्याला मात्र दुसऱ्या दिवशीही वैरण लागते, पंचवीस वर्षं जगणारं जनावर ते. त्या निकालात घोड्यांच्या आणि घोडेवाल्यांच्या पुनर्वसनाचाही विचार होता. तो भाग माझ्या ओळखीच्या एकाही प्राणिप्रेमी माणसाला आठवत नाही.

हे सगळं जाऊन मामांना सांगायलाच हवं होतं. का, ते नीट सांगता येणार नाही. ती त्यांची नव्हती, त्यांनीच तसं म्हटलं होतं. मी सांगितलं. मामा बराच वेळ बिडी न पेटवता हातात धरून बसले. मग म्हणाले, “पैकं मला द्यायचं हुतं, साहेब. हितं डोळ्यापुढं तरी ऱ्हायली असती.”

मला राग आला. ज्याने टाकून दिलं तो मला शिकवतो. घरी येईपर्यंत राग टिकला. पण नंतर मी आठवून पाहिलं. ‘तिची ती’ म्हटल्यावरही ते रोज सकाळी बाकीची गाढवं हाकायला त्याच प्लॉटवर येत होते आणि ती त्यांना रोज दिसत होती. ती कधीपासून लंगडते, कुठल्या बाजूला झोपते, किती वेळा व्यायली आणि किती शिंगरं जगली, हे सगळं त्यांना माहीत होतं. त्यांनी तिच्यासाठी काही केलं नाही. मी सगळं केलं आणि मला तिचं वयसुद्धा माहीत नव्हतं. या दोन माणसांपैकी गाढवीण कुणाची, असा प्रश्न कोंडवाड्याच्या कारकुनाने टाकला असता तर मी गप्पच बसलो असतो.

आता त्यांच्याकडे चार आहेत. जानेवारीत मी त्यांना म्हटलं, डॉक्टरचा खर्च मी देतो, खुरं वेळेवर छाटून घेऊ. कामाची जनावरं आहेत, मला त्यांच्या कामाबद्दल प्रश्न आहेत, ते मी बाजूला ठेवले. पुसले नाहीत. गोणी किती भरता हे विचारलं तर मामा विषय बदलतात, आणि मी पुन्हा विचारतो. पैसे द्यायची तयारी त्यांनी लगेच मान्य केली, पण एक अट घातली. धरायला माणूस लागतो, पोरगा टेम्पोवर असतो, तर तुम्ही यायचं. पैसे पाठवून चालणार नाही.

पहिल्या वेळी मी लाथ खाल्ली, मांडीवर, आठ दिवस निळं होतं. दुसऱ्या वेळी मामांनी दाखवलं की समोर उभं राहायचं नाही, खांद्याशी टेकून उभं राहायचं आणि कानामागे हात ठेवायचा. गाढवाच्या कानामागे खूप ऊब असते. डॉक्टरने चौथं जनावर उरकलं, हात धुतले आणि सांगितलं की पुढची छाटणी दोन महिन्यांनी, पावसाच्या आधी. मामांनी माझ्याकडे बघून विचारलं, “रविवार चालंल ना?” मी फोन काढून तारीख टाकली आणि रिपीट लावलं, दर आठ आठवड्यांनी. शेवटच्या तारखेचा रकाना आला, तो मोकळाच सोडला.